गावाने वाचवलेली पोर

मार्लिस ट्वाइटच्या घरी रात्री जेवायला बसलं की काट्याला हात लावण्याआधी एक नाव घ्यावं लागे. देवाचं नव्हे. देवाची प्रार्थना त्याआधीच म्हणून झालेली असे. हे नाव गावातल्या माणसाचं.

"आज कोण?" मार्लिस विचारायची.

सहा वर्षांची आनिका टेबलाखाली पाय हलवत म्हणायची, "मिसेस गुल्ब्रान्सन."

"त्यांनी काय केलं?"

"गोधडी विकली."

"विकली नाही. शिवून दिली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असताना शिवून दिली, आणि ती लिलावात गेली म्हणून तुझ्या ऑपरेशनला पैसे उभे राहिले. नीट सांग."

आनिका नीट सांगायची. तोवर बटाट्यावरचं लोणी थिजायचं. तिचा बाप ड्वेन दिवसभर दुधाचा टँकर चालवून आलेला असायचा. त्याची पाळी आली की तो रोज "ऑर्व्हिल स्लेटन" म्हणून मोकळा व्हायचा. त्यावर मार्लिसला काही बोलता यायचं नाही, कारण ऑर्व्हिलचं नाव कितीदा घेतलं तरी कमीच होतं.

शेजारणींना याचं फार कौतुक. "आम्ही आपले वर्षातून एकदा थँक्सगिव्हिंगला आभार मानतो आणि टर्की संपली की विसरतो. तुझ्याकडे बाई रोजच थँक्सगिव्हिंग!"

"ज्यांच्यावर वेळ आली नाही, त्यांना वर्षातून एकदा पुरतं," मार्लिस म्हणायची.

वेळ आली होती ती आनिका पाच वर्षांची असताना. उजव्या कानामागे, कवटीच्या आत गाठ निघाली. ड्वेनच्या नोकरीत विमा नव्हता. ओस्टबी हे मिनेसोटातलं एवढंसं गाव, सगळे एकाच चर्चमध्ये जाणारे, पण त्या फेब्रुवारीत गाव उठून उभं राहिलं. शाळेच्या जिममध्ये मदतीचं जेवण झालं. लिलावात लोकांनी एकमेकांचेच केक चढ्या बोलीने विकत घेतले. हे सगळं उभं केलं लाकडाच्या वखारीच्या ऑर्व्हिल स्लेटनने. शहरातल्या हॉस्पिटलात जायच्या दिवशी बर्फाचं वादळ होतं, तर ऑर्व्हिल बर्फ सारायचं फाळ लावलेला आपला ट्रक घेऊन यांच्या गाडीपुढे हायवेपर्यंत वाट करत गेला. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा तो बाहेर बाकावर बसून होता. डॉक्टरांनी दार उघडून "वाचली" म्हटल्यावर सगळ्यात मोठ्याने रडला तो ऑर्व्हिल. यातलं काहीही खोटं नाही. गाव नसतं तर पोर नसती.

त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात जेवण होतं, दर वर्षी असतं तसं. ऑर्व्हिलने आनिकाला उचलून टेबलावर उभं केलं. कानामागचे केस बाजूला केले. तिथून मानेपर्यंत एक गुलाबी शिवण गेली होती, तिच्यावर केस उगवले नव्हते.

"या, हात लावून बघा," तो म्हणाला. "तुम्ही दिलं ते कुठे गेलं ते बघा. ही आपली पोर!"

लोक रांगेने आले. कुणी एका बोटाने, कुणी सगळा तळहात फिरवून शिवण चाचपली. आनिका प्रत्येकाला "थँक्यू" म्हणाली. आईने शिकवलंच होतं. मार्लिस कॉफीच्या किटलीजवळ उभी राहून आनंदाने रडत होती.

मग ते दर वर्षी व्हायला लागलं. टेबलावर उभं राहायचं वय गेलं तरी खुर्चीवर बसून व्हायला लागलं. बाराव्या वर्षापासून आनिका शनिवारी ऑर्व्हिलच्या वखारीत खिळे निवडायला जायला लागली, अर्थात फुकट. मार्लिसनेच पाठवली. एका शनिवारी पोर म्हणाली, "मॉम, आज नको. डोकं दुखतंय."

"जे दुखतंय ते डोकं कुणामुळे आहे?" मार्लिसने विचारलं आणि तिचा कोट खुंटीवरून काढून हातात दिला.

तेरा-चौदाव्या वर्षी आनिका एकदा तळघरात सगळ्यांदेखत "नको" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मार्लिस तिला ऑर्व्हिलच्या घरी माफी मागायला घेऊन गेली. ऑर्व्हिल मोठ्या मनाने हसला. "अगं, या वयात मुली अशाच असतात," म्हणाला, आणि त्याने स्वतःच तिचे केस वर केले. पोरीची मान ताठ झालेली मार्लिसला दिसली होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

मार्लिस दुष्ट बाई नव्हती. तिला भीती होती, आणि त्या भीतीचं मूळ तिच्या बापाच्या गोष्टीत होतं. ती नऊ वर्षांची असताना बापाचा गोठा जळाला, तेव्हा त्यांच्या गावाने एका शनिवारी जमून नवा उभा करून दिला. पुढच्या वसंतात बापाने दारू पिऊन कुंपणाच्या वादात शेजाऱ्याला सुनावलं, "चार खिळे ठोकलेस म्हणजे माझा मालक झालास काय?" त्या हिवाळ्यात बाप न्यूमोनियाने आडवा पडला. गाई दोहायच्या राहून हंबरत होत्या आणि कुणी फिरकलं नाही. कुणी वाईटही बोललं नाही. सगळे आपले कामात होते. दहा वर्षांच्या मार्लिसने फुटलेल्या बोटांनी धारा काढल्या.

आणि आनिकाच्या ऑपरेशननंतर शहरातल्या डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये तिला हळूच सांगितलं होतं, अशा गाठी कधीकधी पुन्हा येतात.

आनिका शाळा संपताच मिनिआपोलिसला गेली. चष्म्यांच्या दुकानात नोकरी लागली. आधी महिन्याने यायची, मग ख्रिसमसला, मग तेही फोनवर. तीन थँक्सगिव्हिंग ती आली नाही. चौथ्या वर्षी नोव्हेंबरात तिचा फोन आला तेव्हा मार्लिस ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी बुधवारी सकाळी येते," आनिका म्हणाली. "पण दोन गोष्टी. चर्चच्या जेवणाला मी येणार नाही. आणि माझ्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही. कुणीच नाही, मॉम."

"हो गं बाई. तू ये तर खरी."

"पुन्हा म्हण."

"कुणी हात लावणार नाही," मार्लिस म्हणाली, आणि तेव्हा तिच्या मनातही तसंच होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर ऑर्व्हिलने तिला गाठलं. आता त्याची फुप्फुसं गेली होती. नाकाला नळी, चाकांवर ऑक्सिजनची टाकी, आणि ती ओढायला बायको फर्न. तरी आवाज लिलाववाल्याचाच.

"आपली पोर येतेय म्हणे!"

"येतेय. पण बुधवारच्या जेवणाला नाही यायची हो ती. लांबून दमून येणार."

"मग मी येतो. दुपारी. कॉफी पाजशील ना एक कप?" तो थांबला, दम घेतला. "मार्लिस, पुढच्या थँक्सगिव्हिंगला मी नसेन. एकदा हात लावून बघू दे. मी आयुष्यात फार काही केलं नाही गं. लाकडं विकली. केलं ते एवढंच एक."

मागे फर्न डोळे पुसत होती. दाराशी पाद्री उभे होते, आणखी चार जण कोट चढवत ऐकत होते. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर मार्लिसला त्यातून बापाचाच आवाज ऐकू आला असता.

"या ना," ती म्हणाली. "लेफ्सेच्या पोळ्या करणारच आहोत."

गाडीत ड्वेनने चावी फिरवली. मग म्हणाला, "तिला सांगशील ना?"

"सांगते."

"फोन करून सांग. ती यायच्या आधी."

"सांगते म्हटलं ना, ड्वेन."

नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ती आली नसती, आणि ती यायला तर हवी होती.

बुधवारी सकाळी आनिका आली. केस छान वाढवले होते, जाड वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घेतली होती. दोघींनी बटाट्याचं पीठ मळलं. आनिका लाटायची आणि मार्लिस लांब पट्टीने पोळी उचलून तव्यावर टाकायची.

"तुझा नकाशा अजून तसाच," मार्लिस म्हणाली. "गोल म्हणून कधी झाली नाही तुझी."

"पोटात गेल्यावर कोण बघतंय? डॅडला विचार. डॅड, ही कशी झालीय?"

"नॉर्वेसारखी," ड्वेन म्हणाला आणि नॉर्वे तोंडात घातली. आनिका खदखदून हसली. किती वर्षांनी त्या स्वयंपाकघरात कुणी असं हसलं होतं. ड्वेन बायकोकडे बघत होता. सांग आता, असं ते बघणं होतं. मार्लिसने पट्टी फिरवली. एवढी एक पोळी होऊ दे, मग सांगते. मग पुढची.

बाहेर गाडीचं दार लागलं. आनिकाने खिडकीतून बघितलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"मॉम?"

"कॉफीला येताहेत फक्त. मरायला टेकलाय तो माणूस. पाच मिनिटं बसेल."

"तू शब्द दिला होतास."

"जेवणाला नेणार नाही म्हटलं होतं. नेतेय का मी तुला कुठे?"

ड्वेन दार उघडायला गेला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

ऑर्व्हिल धापा टाकत आत आला आणि खुर्चीत पडला. "काय गं पोरी! डोकं चालतंय ना शहरात? चालायलाच पाहिजे, अख्ख्या गावाने किल्ली दिलीय त्याला!" स्वतःच हसला, खोकला. आनिकाने त्याला कॉफी दिली, साखर विचारली, फर्नच्या गुडघ्याची चौकशी केली. वाईट काही वागली नाही. मार्लिसला वाटलं, उगाच घाबरलो आपण.

कॉफी संपली. ऑर्व्हिलने हात पुढे केला.

"ये. शेवटचं."

"नाही, मिस्टर स्लेटन," आनिका म्हणाली. अगदी हळू. "तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मला माहीत आहे. पण ते नाही."

हात तसाच पुढे राहिला. फर्न म्हणाली, "अगं, कितीसं लागतं त्याला?" म्हाताऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा पडला आणि नळीतून हवेची सूंसूं ऐकू यायला लागली.

तेव्हा मार्लिस उठली. आनिकाच्या खुर्चीमागे गेली. वेणी उचलली, कानामागचे केस वर धरले, पोर सहा वर्षांची असताना धरायची अगदी तसे. "झालं," म्हणाली. "एवढंच तर आहे."

आनिका हलली नाही. ऑर्व्हिलची बोटं शिवणीवरून खाली गेली, पुन्हा वर आली. तो रडत होता. "बघ फर्न," म्हणत होता, "आपलीच." ड्वेन खिडकीकडे तोंड करून उभा होता. मार्लिसच्या मुठीत केस होते, आणि मुठीखाली पोरीच्या मानेची शीर थडथड उडत होती.

"थँक्यू, मिस्टर स्लेटन," आनिका म्हणाली.

ते गेल्यावर ती माडीवर गेली आणि न उघडलेली बॅग घेऊन खाली आली.

"ऐक तरी," मार्लिस म्हणाली. "मरणाऱ्या माणसाला एवढं दिलं तर तुझं काय गेलं? त्याने वाट काढली नसती तर तू आज..."

"मेले असते. माहीत आहे. रोज रात्री जेवायच्या आधी सांगितलंस." आनिका कोटाची बटणं लावत होती. "मी त्यांचे आभार मानले असते, मॉम. मनापासून. तू मानू दिले नाहीस. प्रत्येक वेळी माझ्या आधी तूच मानलेस, माझं डोकं पुढे करून."

"लोक विसरतात गं. आपण विसरलो की ते विसरतात."

"आणि मग पुढच्या वेळी येत नाहीत. हो ना?"

मार्लिस ओट्यावर सांडलेलं पीठ पुसायला लागली.

"डॉक्टरांनी मला सांगितलंय, ती परत येऊ शकते ते. मी मोठी झाल्यावर पहिल्यांदा विचारलं ते तेच. तेव्हा कळलं मला तू काय करत होतीस. तू थँक्यू म्हणत नव्हतीस. तू गावाला दुसऱ्या वेळेसाठी तयार ठेवत होतीस."

"आई आहे मी तुझी," मार्लिस म्हणाली. "मग काय करू?"

"काही करू नकोस. आली परत, तर मी गावाला सांगणार नाही. तुला तर नाहीच."

ती बापाच्या गळ्यात पडली, आईच्या बाजूने निघून गेली. तव्यावर एक पोळी राहिली होती, ती जळून काळी झाली होती.

संध्याकाळी मार्लिसने लेफ्सेची थाळी कापडात गुंडाळली आणि चर्चच्या तळघरात गेली. न जाणं जमण्यासारखं नव्हतं. ऑर्व्हिल पुढेच बसला होता, आणि दुपारी काय झालं ते त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आपल्या परीने. त्यात पोर आपण होऊन पुढे आली होती.

"कुठाय ती? आली का नाही?" पाच जणांनी एकदम विचारलं.

गेली, असं म्हणायचं होतं. रागावून गेली. नको म्हणत होती आणि मी ऐकलं नाही. पण तसं म्हटलं की आनिका उपकार न जाणणारी ठरणार होती, आणि मार्लिस तिची आई.

"तिचं जरा डोकं दुखतंय," मार्लिस म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. कुणाचा तरी काटा ताटलीवर वाजला.

"डोकं?" फर्न म्हणाली. "कुठल्या बाजूला?"

"नाही नाही, तसं नाही. प्रवासाने."

पण चेहरे बदलले होते. पाद्री तिच्याजवळ आले, दोन्ही हात हातात घेतले. "मार्लिस, काही असेल तर लपवू नकोस. आम्ही आहोत." ऑर्व्हिल टाकीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मी आहे तोवर तरी आपल्या पोरीला काही होऊ देणार नाही." सगळ्यांनी माना खाली घालून आनिकासाठी प्रार्थना केली. डोळे मिटलेल्या त्या लोकांकडे बघत मार्लिस उभी होती. तिला खोकला झालाय म्हटलं असतं तरी चाललं असतं, पोट दुखतंय म्हटलं असतं, गाडी बंद पडलीय म्हटलं असतं, असं तिच्या मनात येत होतं. आणि त्याच्याखाली, तिला स्वतःचीच लाज वाटावी असं एक बरं वाटत होतं. हे लोक अजून येतील. दुसऱ्या वेळीही येतील.

प्रार्थना संपली. "थँक्यू," ती म्हणाली. ड्वेन तिच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टर्की ओव्हनमध्ये घालायच्या वेळेला ड्वेन कोट घालून स्वयंपाकघरात आला.

"मी मिनिआपोलिसला चाललोय. तिच्याबरोबर जेवतो."

"थांब, मी येते. टर्की गाडीत घेऊ."

"तू नको."

"मग मी काय एकटीने बसू? थँक्सगिव्हिंग आहे आज!"

"तुला अख्खं गाव आहे," ड्वेन म्हणाला. रागाने नाही. दूध किती गोळा झालं ते सांगताना तो जसा बोलायचा, तसं.

गाडी गेली. मार्लिसने टर्की तरीही ओव्हनमध्ये घातली.

दुपार व्हायच्या आत दाराची घंटा वाजायला लागली. मिसेस गुल्ब्रान्सनच्या सुनेने ओव्हनमध्ये भाजलेली नूडल्सची हॉटडिश आणली, अजून कढत. पाद्र्यांच्या बायकोने भाजलेलं हॅम आणलं. आजारपणाच्या घरी आणतात तसं, दार अर्धं उघडून, आवाज खाली आणून. "झोपलीय का? उठवू नकोस. हे फक्त ठेव." मार्लिस प्रत्येकीला थँक्यू म्हणाली. ओट्यावर जागा संपल्यावर तिने भांडी खुर्च्यांवर ठेवली.

शेवटी फर्न आली. तिच्या हातात काही नव्हतं, नुसतं पेन होतं.

"ती शहरात परत गेली असं ऐकलं. ड्वेन घेऊन गेला, नाही का? बरं केलं, तिथे मोठी हॉस्पिटलं आहेत. आता असं कर, तिचा पत्ता दे मला. आणि कामाच्या जागेचाही. सगळे कार्डं पाठवणार आहेत, शाळेतली मुलंसुद्धा. ऑर्व्हिल म्हणतो, आपल्यातले चार जण जाऊन भेटून येऊ. तिला एकटं वाटता कामा नये."

दाराच्या फटीतून गार वारा आत येत होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिला काही झालेलं नाही, फर्न, तिला आपण नको आहोत. मार्लिसच्या जिभेवर ते वाक्य आलंही. फर्न पेन धरून उभी होती. रात्रभर ऑर्व्हिलची टाकी बघत जागून तिचे डोळे सुजले होते, तरी ती आली होती.

"मार्लिस? ऐकतेस ना?"

मार्लिसने पत्ता सांगितला. रस्त्याचं नाव फर्नला नीट कळेना, म्हणून पुन्हा एकदा, सावकाश. मग दुकानाचा.

"थँक्यू, फर्न," ती म्हणाली, आणि वारा येत होता म्हणून दार लावून घेतलं.